चिखलातली वीज कोणाची?

विज्ञान प्रदर्शनांत एक मांडणी हमखास दिसते. ओल्या मातीचे चार-पाच डबे, प्रत्येकात तांब्याची पट्टी आणि जस्ताची पट्टी, टोकाला पेटलेला लाल एलईडी. वर पाटी, ‘जिवाणूंपासून वीज’. माझ्या मते ती पाटी चुकीची आहे. जस्त विरघळते, त्याचे इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात. याच पट्ट्या लिंबात खुपसल्या तरी हेच होते.

सूक्ष्मजीवांची वीज खरी आहे, फक्त फार क्षीण. डरहॅमच्या एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्ये ती यीस्ट व जिवाणूंपासून मिळवून दाखवली, तेव्हा दोन्ही विद्युतअग्रे प्लॅटिनमचीच होती. दोन्हीकडे सारखाच पदार्थ, म्हणजे धातूंच्या फरकाची शंकाच उरत नाही.

वर्गात प्लॅटिनमऐवजी कार्बनचे कापड चालते. दोन कप्पे, मध्ये आयन जाऊ देणारा पडदा. एका कप्प्यात यीस्ट, ग्लुकोज आणि मेथिलीन ब्लू. दुसऱ्यात पोटॅशियम फेरिसायनाइड (याच्या जवळपास तीव्र आम्ल अजिबात नको, विषारी वायू सुटतो). यीस्ट ग्लुकोज खाते तेव्हा इलेक्ट्रॉन सुटतात. पेशीच्या आतले हे इलेक्ट्रॉन मेथिलीन ब्लू उचलते आणि रंगहीन होते. कार्बनला ते देऊन टाकले की पुन्हा निळे. निळा रंग फिका होताना मुले पाहतात, तो क्षण मला मल्टिमीटरच्या आकड्याहून मोलाचा वाटतो.

कारण नुसता व्होल्टचा आकडा फसवतो. दोन कप्प्यांतल्या रसायनांमुळेही थोडे विभवांतर दिसू शकते. म्हणून १००० ओहमचा रोध जोडावा. त्यावर ०.४ व्होल्ट टिकले, तर धारा ०.४ मिलिअँपिअर आणि शक्ती अवघी ०.१६ मिलिवॉट. लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात, त्यामुळे एका सेलवर तो पेटणारच नाही. शेजारी उकळून गार केलेल्या यीस्टचा तसाच सेल हवा. दोन्हींच्या धारेतला फरक हेच जिवंतपणाचे माप.

तळ्याच्या चिखलात मेथिलीन ब्लूचीही गरज नसते. तिथले जिओबॅक्टरसारखे जिवाणू पेशीबाहेरच्या कार्बनला थेट इलेक्ट्रॉन देतात. एक कार्बनचा तुकडा चिखलात पुरायचा, दुसरा वरच्या पाण्यात ठेवायचा आणि रोज नोंद करायची. जस्त-तांब्याचा आकडा पहिल्या मिनिटालाच मिळतो. इथे मात्र जिवाणूंना कार्बनवर वस्ती करावी लागते, त्याला दिवस लागतात, आणि वहीतला आलेख हळूहळू चढत जातो.