यंत्र बाजाराला निघालं, पण पैसे कुठल्या वाटेने जाणार?

निपाणीत अडत्या म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि मध्ये हा. त्याच्या शब्दावर सौदा व्हायचा, पण हा माणूस नक्की कुणाचा, आपला की व्यापाऱ्याचा, ही शंका शेतकऱ्याच्या मनातून कधी पूर्ण जात नसे. आता असाच एक अडत्या आपल्या मोबाईलमध्ये येऊन बसतो आहे.

चॅटजीपीटी किंवा जेमिनीला "महिन्याचा किराणा बघ" असं सांगितलं, की यादी करणं, भाव ताडून पाहणं ही कामं तो चुटकीसरशी करतो. गाडी अडते ती पैसे देताना. कारण ओटीपी असो वा यूपीआयचा पिन, आपली सगळी व्यवस्था बटण माणूसच दाबणार असं धरून उभी आहे.

ही अडचण सोडवायला मोठ्या कंपन्यांनी आपापली 'बोली' ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एपी-टू आणली. त्याच महिन्यात ओपनएआय आणि स्ट्राइप यांनी एसीपी आणली, तर जानेवारी २०२६ मध्ये गूगलने आणखी एक, यूसीपी. आपल्याकडे बेकन या खुल्या बोलीवर चालणारं ओएनडीसी आधीपासून आहेच. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. दुकान एक बोली बोलतं आणि तुमचा मदतनीस दुसरी, तर सौदा होत नाही, एवढं कळलं तरी पुरे.

यांतल्या कल्पना मात्र आपल्याला परक्या नाहीत. एसीपीमध्ये स्ट्राइपमार्फत पैसे देताना मदतनिसाच्या हाती कार्डाचा नंबर पडत नाही. अमुक दुकान, अमुक रकमेपर्यंत, अमुक मुदतीत, एवढ्यापुरतीच चालणारी एक डिजिटल चिठ्ठी त्याला मिळते. जुन्या हुंडीवरही कुणाला, किती आणि केव्हा हे लिहिलेलं असायचंच की! एपी-टूचा भर मुखत्यारपत्रावर आहे. काय घ्यायचं, कितीपर्यंत घ्यायचं याची डिजिटल सही आधीच घेतात. उद्या "मी हे मागवलंच नव्हतं" असा वाद झाला, तर दाखवायला पुरावा राहतो. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत कामाचा भाग हाच आहे.

भारतात ऑक्टोबर २०२५ मध्ये एनपीसीआय, रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतून यूपीआयने खरेदीचा प्रयोग जाहीर केला. सुरुवातीच्या दुकानांत बिगबास्केट होतं. त्यामागची युक्ती म्हणजे 'रिझर्व्ह पे'. एका दुकानासाठी ठरावीक रक्कम आपल्याच खात्यात राखून ठेवायची, मंजुरी एकदाच द्यायची आणि खरेदी होईल तशी ती थोडी थोडी वळती व्हायची. आयपीओला अर्ज करताना पैसे 'ब्लॉक' होतात, साधारण तसंच.

आता आपल्या गल्लीत येऊ. शहापूरच्या मिठाईवाल्याकडे क्यूआर कोड आहे, मग मदतनीस तिथून कुंदा का मागवू शकत नाही? कारण तो क्यूआर फक्त खातं सांगतो. आज कुंदा शिल्लक आहे का, अर्धा किलो कितीला, पार्सल करणार का, हे तो सांगत नाही. पैशाची वाट आहे, पण मालाची यादी कुठल्याच बोलीत नाही. यंत्राच्या लेखी ते दुकान अस्तित्वातच नाही.

शिवाय आपल्या भागाची खास अडचण आहे ती सीमेची. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. उलाढाल लहान असल्याने नोंदणीच न केलेल्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारपेठांवर विकायची मुभा मिळाली, तीही राज्यापुरतीच. म्हणजे निपाणीतला असा दुकानदार शेकडो किलोमीटरवरच्या बिदरला माल पाठवू शकतो, पण हाकेच्या अंतरावरच्या कागलला नाही! गिऱ्हाईक स्वतः येऊन काउंटरवरून घेऊन गेलं तर प्रश्न नाही. आपण रोज ओलांडतो ती रेघ यंत्राला भिंतीसारखी लागते. सीमेवरच्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही म्हणा.

पत्त्याचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण जुन्या खात्यांत आणि दुकानांच्या पाट्यांवर बेळगाव आहेच. इंग्रजीत तर दोन्हींची स्पेलिंग वेगळी. माणूस समजून घेतो, यंत्र घेईलच असं नाही. म्हणून मंजुरी देण्याआधी पिन कोड स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

घरातल्या ज्येष्ठांसाठी आजच हाताशी असलेली सोय म्हणजे यूपीआय सर्कल. आपल्या खात्यातून दुसऱ्याला खर्चाची परवानगी देता येते: पूर्ण अधिकार दिला तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत, नाहीतर प्रत्येक वेळी आपल्याला विचारून. मदतनिसालाही मी याच मापाने तोलेन. आधी दरवेळी विचारायला लावायचं, मग एखाद्याच दुकानापुरती छोटी रक्कम राखायची. कार्ड आणि यूपीआय यांत निवड असेल, तर रक्कम परत मिळण्याची पद्धत दोन्हींची वेगळी आहे, ती आधी वाचून घ्यायची. परदेशातल्या भावंडांनी तिकडचं कार्डच वापरलं पाहिजे असंही नाही. काही देशांतल्या मोबाईल नंबरवर एनआरई किंवा एनआरओ खातं यूपीआयला जोडता येतं. आणि फसवणूक झालीच, तर १९३० या नंबरवर लगेच कळवा. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

दिवाळीच्या सुट्टीत बेंगळुरू-पुण्याहून घरी याल, तेव्हा काकांच्या दुकानात तासभर बसा. त्यांची जीएसटी नोंदणी कुठल्या प्रकारची आहे, मालाची भावासकट यादी कुठे लिहिलेली आहे का, नकाशावर दुकानाचं नाव आणि वेळ बरोबर आहे का, हे पाहा. यादी वहीत असेल, तर ती मोबाईलमध्ये उतरवून द्यायला एक दुपार पुरते.