जन्मसिद्ध गुन्हा, जन्मसिद्ध हक्क

माणूस म्हणून जन्माला आल्याबरोबर, कोणत्याही सरकारने बहाल करण्याची वाट न पाहता, प्रत्येकाला जे हक्क प्राप्त होतात त्यांना मानवी हक्क म्हणतात. या व्याख्येचा सारा भार ‘जन्म’ या शब्दावर आहे, आणि हाच शब्द एकेकाळी कायद्याने नेमक्या उलट कामासाठी राबवला होता. सोलापूर शहरात आजही ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे आणि तिथल्या रहिवाशांच्या पत्त्यात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे शब्द लिहिले जातात. या पत्त्यातील ‘फ्री’ म्हणजे कशापासून मुक्त, याचा शोध घेतला की मानवी हक्कांच्या तत्त्वज्ञानातील सर्वात जुना वाद समोर उभा राहतो.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग सराईतपणे गंभीर गुन्हे करतो, असे प्रांतिक सरकारला वाटले तर त्या संपूर्ण समूहाला ‘गुन्हेगार जमात’ म्हणून जाहीर करण्याची सोय त्यात होती. आणि अशा जाहीरनाम्याच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करू नये, असेही त्यात लिहिले होते. आरोप, पुरावा, सुनावणी आणि निकाल हा न्यायाचा नेहमीचा क्रम या ठिकाणी लागूच होत नसे, कारण विशिष्ट आईबापांच्या पोटी जन्म होणे हाच पुरावा मानला जाई. हा कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश मुलूख त्याच्या कक्षेत आला. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी, राहण्याच्या जागेवर निर्बंध आणि सरकारला वाटल्यास मुलांना आईबापांपासून वेगळे करून खास शाळांत ठेवणे, इतके अधिकार त्यातून सरकारच्या हाती आले.

त्यानंतर मुंबई इलाख्यात ज्या कुंपणबंद वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतील एक मोठी वसाहत सोलापूरची होती. सोलापुरातील कापड गिरण्यांना कामगार हवे होते आणि सरकारला या लोकांना एका जागी बांधून ठेवायचे होते, त्यामुळे कैकाडी, टकारी, पारधी, भामटा अशा समाजांतील कुटुंबे तारेच्या कुंपणाआड आली. गिरणीच्या भोंग्यावर कामाला जायचे आणि हजेरीच्या वेळी परत कुंपणात यायचे, असे हे जगणे होते. ज्यांची वागणूक अधिकाऱ्यांना समाधानकारक वाटे, त्यांना पुढे कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहण्याची परवानगी मिळे आणि त्या वस्तीला ‘फ्री कॉलनी’ म्हणत. तिथली मोकळीक दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती, म्हणजे ती सवलत होती. हक्क आणि सवलत यांतील फरक याहून स्पष्ट करून दाखवणे कठीण आहे, कारण सवलत देणाऱ्याला ती काढून घेता येते, हक्क मात्र कोणी दिलेलाच नसतो.

असा कायदा सुसंस्कृत म्हणवणाऱ्या राज्यात होऊ शकला, यामागे एक विचारपद्धती होती. १८७१ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदा सदस्य असलेले जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे त्या काळचे नामांकित कायदेपंडित होते. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, त्यांनी तयार केलेला भारतीय पुरावा कायदा अमलात आला आणि त्यात आरोपीचे वाईट चारित्र्य हा एरवी त्याच्याविरुद्ध पुरावा ठरू शकत नाही, असे तत्त्व घातले गेले. ज्या राजवटीने एका व्यक्तीची बदनामीसुद्धा न्यायासनापुढे येऊ दिली नाही, तिनेच एका वर्षाआधी संपूर्ण जमातीची बदनामी कायद्याच्या रूपात लिहून ठेवली होती. कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, तिच्याबाहेर किंवा तिच्याआधी कोणताही हक्क नसतो, असे मानणाऱ्या इंग्लिश परंपरेत ही विसंगती पकडण्याचे साधनच नव्हते. या परंपरेचे आद्य विचारवंत जेरेमी बेंथम यांनी निसर्गदत्त हक्कांची कल्पना निरर्थक ठरवली होती.

दुसरा प्रवाह याच्या विरुद्ध दिशेने वाहत होता. माणसाचे हक्क राज्यसंस्थेच्या आधीचे आहेत आणि त्यांच्या रक्षणासाठीच राज्य निर्माण होते, असे सतराव्या शतकात जॉन लॉक यांनी मांडले. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याने माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे घोषित केले. आणि त्याच जाहीरनाम्याच्या समर्थनार्थ थॉमस पेन यांनी लिहिलेला ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडला. फुल्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्कांनिशी निर्माण केले, हा विचार अस्सल मराठी मातीत रुजला. पुढे होमरूल चळवळीत लोकमान्य टिळकांनी ‘जन्मसिद्ध हक्क’ हे शब्द घरोघरी पोहोचवले, तेव्हा त्याच मुलखातील काही घरांवर जन्मसिद्ध गुन्ह्याचा शिक्का होता.

दोन्ही प्रवाहांची गाठ १९४८ च्या डिसेंबरात पडली. ९ डिसेंबरला दिल्लीत संविधान सभेत, मूलभूत हक्कांवर गदा आल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याच्या तरतुदीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले आणि आज अनुच्छेद ३२ म्हणून ओळखली जाणारी ही तरतूद त्यांनी संविधानाचे हृदय आणि आत्मा मानली. दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा स्वीकारला, ज्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ हे शब्द यावेत यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता आग्रही होत्या. पॅरिसच्या जाहीरनाम्याने हक्क सांगितला, तर दिल्लीच्या तरतुदीने तो मिळवण्याचा मार्ग दिला. न्यायालयाने प्रश्न विचारू नये, या १८७१ च्या वाक्याला अनुच्छेद ३२ हे पुरेपूर उत्तर होते.

तरीही २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले त्या दिवशी तारेची कुंपणे आपोआप गळून पडली नाहीत. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. म्हणजे समतेची हमी देणाऱ्या प्रजासत्ताकातही अशा अनेक जमातींना आणखी अडीच वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. या दिवसापासून त्यांना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले आणि ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

जुन्या कायद्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. त्यात जमातीऐवजी व्यक्ती आणि जन्माऐवजी न्यायालयात सिद्ध झालेले गुन्हे हा आधार धरला गेला. तत्त्वतः हा बदल मोठा होता, परंतु संशयाची बोटे पूर्वीच्याच वस्त्यांकडे वळत राहिली आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये असे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी वाचकाला हा संशय आतून कसा भोगला जातो हे कळले. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारित कामवाटणी आणि विमुक्तांवरचे शिक्के घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात दिला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर १५३ वर्षांनी.

आज महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला काढताना अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा जोडावा लागतो. सोलापूरजवळच्या मोहोळ तालुक्यातील एखाद्या पालावर वाढलेल्या मुलीला हा कागद मिळवणे किती अवघड आहे, याची कल्पना करता येते, कारण तिच्या आजोबांच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांच्या काळात मुले शाळेत गेली नव्हती आणि सरकारने त्यांची जी नोंद ठेवली ती संशयिताची होती. हक्क जन्माने मिळतो हे तत्त्व सोलापूरच्या कुंपणाने नाकारले आणि संविधानाने ते मान्य केले. मात्र त्या हक्कापर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा कागद जोवर त्या मुलीच्या हाती सहज पडत नाही, तोवर ‘फ्री’ हा शब्द सोलापूरच्या त्या पत्त्यापुरताच उरतो. म्हणून तिच्या जन्माचे मोल तिने सिद्ध करावे अशी अपेक्षा न धरता, तिला तो दाखला मिळवून देण्याची जबाबदारी राज्याने उचलणे, हीच १८७१ च्या त्या नोंदवहीची खरी परतफेड ठरेल.