लव्हाळा पुन्हा पुन्हा का उगवतो?

ठाणे, कल्याण, डोंबिवली भागात घराच्या परसात किंवा इमारतीमागच्या मोकळ्या जागेत भेंडी, गवार, माठ लावणारी पुष्कळ घरे आहेत. फाल्गुन-चैत्रात पाऊस नसतो. आपण घालू तेवढेच पाणी. तरीही वाफ्यात भाजीच्या आधी लव्हाळा डोके वर काढतो. आज उपटावा, तर आठवड्याभरात पुन्हा हजर! असे का होते?

लव्हाळ्याचे एक रोप खुरप्याने खोल खणून काढा आणि माती झटका. मुळांशी लहान, काळपट कंद दिसतील. दोऱ्यासारख्या भूमिगत खोडांनी ते एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. प्रत्येक कंदात पिष्टमय अन्नाचा साठा असतो व त्यावर डोळे असतात. साखळीच्या टोकाचा कंद फुटला की मागचे कंद बहुधा निद्रिस्त राहतात. गुलाबाचा शेंडा खुडल्यावर खालचे डोळे फुटतात ना? तसेच येथे घडते. नुसती पाने ओढली तर कंद जमिनीतच राहतो आणि त्याचा दुसरा डोळा फुटतो. कुदळीने साखळी तोडली, तर झोपलेले कंद जागे होतात!

मग उपाय काय? लव्हाळ्याचे दोन दुबळेपण ध्यानात घ्या. पहिले, उगवलेल्या रोपाला नवे कंद धरायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. म्हणून दर पंधरवड्याला खुरपणी करावी. दर वेळी फुटताना कंदातील साठा खर्च होतो, नव्याची भर मात्र पडत नाही. दुसरे, कंदाला कोरडेपणा सोसत नाही. रिकाम्या वाफ्याचे पाणी तोडा, माती वीतभर खोल उलटा आणि कंद वेचून कडक उन्हात टाका. हेच काम जुलैत केले, तर ओल्या मातीत तुटलेला प्रत्येक कंद रुजेल. म्हणून पावसाळ्यापूर्वीचे हे कोरडे दिवस दवडू नका.

घोळीची गोष्ट निराळी. तिच्या रसदार खोडाचा तुकडा ओल्या मातीवर पडला तरी मुळे धरतो. ती उपटून वाफ्यात टाकू नका. स्वयंपाकघरात द्या, भाजी उत्तम होते.

एक प्रयोग करून पाहा. दहा ताजे कंद लगेच कुंडीत लावा. दुसरे दहा पंधरा दिवस उन्हात वाळवून मग लावा. दोन्ही कुंड्यांना सारखे पाणी घाला आणि किती उगवले ते वहीत नोंदवा.

कल्याण-डोंबिवलीच्या नळाला येणारे पाणी उल्हास नदीचे. उन्हाळ्यात त्यातला प्रत्येक तांब्या मोलाचा. तो लव्हाळ्याला पाजायचा की भेंडीला, हे तुमच्या खुरप्यावर अवलंबून आहे.