एक ठिणगी चालेल, आर्क नको!

चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात धुरातली राख चिमणीआधीच पकडणाऱ्या यंत्राला सगळे ‘ईएसपी’ म्हणतात. त्याच्या आतल्या तारांना हजारो व्होल्ट दिले की राखेच्या कणांवर विद्युतभार चढतो आणि ते समोरच्या पत्र्यांना चिकटतात. मग हातोडे पत्रे ठोकतात, राख खाली हॉपरमध्ये!

भन्नाट गोष्ट पुढेच आहे. इथे ठिणग्या मुद्दाम पडू दिल्या जातात! व्होल्टेज जास्त, तर पकड घट्ट. म्हणून कंट्रोलर ठिणगी पडेपर्यंत व्होल्टेज चढवत नेतो, पडली की थोडं उतरवतो, पुन्हा चढवतो. मिनिटाला किती ठिणग्या चालतील, तेही त्याला आधीच ठरवून दिलेलं असतं.

खरा वैरी आर्क. ठिणगी क्षणात विझते, आर्क मात्र जळतच राहतो. व्होल्टेज कोसळतं, करंट उसळतो, राख निसटते, तारा झिजून तुटतात आणि वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरला दणके बसतात.

मग ठिणगी पडताच वीज तोडायची ना? तिथेच मेख आहे! ही वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे थायरिस्टर. तो एकदा सुरू झाला की करंट शून्यावर येईपर्यंत बंदच होत नाही. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेत अर्धं आवर्तन 10 मिलिसेकंदांचं. तेवढा वेळ करंटला लगाम घालते ती सोबत जोडलेली रिअॅक्टरची कॉइल. पुढची काही आवर्तनं कंट्रोलर गाळतो, तापलेली हवा निवते, मग पुन्हा चढाई. नव्या उच्च वारंवारतेच्या पुरवठ्यांना वीज तोडण्याचं काम मायक्रोसेकंदांत जमतं. मला तर ही चपळाई फार आवडते.

घरगुती एअर क्लीनरमध्येही हेच नाट्य, छोट्या प्रमाणात. कोरडी हवा मिलिमीटरला साधारण 3,000 व्होल्ट झेलते. पत्र्यांमध्ये डास किंवा कापसाचा तंतू अडकला की ‘चट्’! धुतलेले पत्रे ओलेच बसवले, तर चटचट थांबतच नाही. ते खडखडीत वाळवूनच बसवा.

1885 मध्ये ऑलिव्हर लॉज यांनी वेल्समधल्या बॅगिल्टच्या शिसे कारखान्यात विजेने धूर पकडण्याचा प्रयोग केला, पण त्यांची स्थितिक वीजयंत्रं तोकडी पडली. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांनी 1907 च्या सुमारास तो यशस्वी केला आणि पेटंटचा पैसा विज्ञानाला मिळावा म्हणून 1912 मध्ये ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ स्थापन केली. भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्राला तिने हात दिला.

आणि हो, ईएसपी बंद केल्यावरही आत विद्युतभार उरलेला असू शकतो. म्हणून आत शिरण्याआधी अर्थिंगचा दांडा लावून तो भार जमिनीत उतरवतात, मगच माणूस आत जातो.