पेटंटची चतुःसीमा

समजा, इतवाऱ्यात एका दुकानापुढे केळीचे तीन घड उतरवले आहेत. दोन 10-10 किलोचे, तिसरा चांगला 40 किलोचा. मग सरासरी घड किती किलोचा? 60 ला 3 ने भागलं तर 20. ज्या वजनाचे घड जास्त, तेच धरलं तर 10. तिसरा एक हिशेब रसायनशास्त्रवाले करतात: जो घड जितका भारी, त्याला तितकं जास्त महत्त्व. त्याचं उत्तर 30 येतं. तिन्ही हिशेब बरोबरच आहेत.

कोपॅक्सोन या औषधाचं पेटंट अमेरिकेत याच गोंधळात सापडलं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरचं तेवा कंपनीचं हे औषध म्हणजे लहान-मोठ्या रेणूंच्या साखळ्यांचं मिश्रण. दाव्यात लिहिलं होतं, रेणुभार 5 ते 9 किलोडाल्टन. पण कोणत्या पद्धतीने काढलेला? ते लिहिलंच नव्हतं. प्रतिस्पर्ध्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्यांत आपली हैदराबादची नॅटकोही होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथून परत आलं आणि जून 2015 मध्ये अपील न्यायालयाने दावा संदिग्ध म्हणून रद्दच ठरवला. औषध उत्तम, संशोधन खरं, अडलं ते एका शब्दावर.

घराच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पेटंटमध्ये ते काम दावे करतात. 'पूर्वेला बरीचशी जागा' असं खरेदीखत कुणी घेईल का? रसायनांच्या दाव्यांत मात्र 'योग्य तापमानाला', 'पुरेशा प्रमाणात' असे शब्द सर्रास घुसतात. कधी निष्काळजीपणाने, कधी (हे माझं मत) शेजाऱ्याची जागाही हळूच आत घ्यावी म्हणून.

याउलट हळदीचं प्रकरण बघा. जखम भरण्यासाठी हळदपूड वापरण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. दाव्यात सरळ 'हळदपूड' लिहिलं होतं, त्यामुळे काय खोडायचं ते स्पष्ट होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने 32 जुने संदर्भ पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते पेटंट कोसळलं. चुकीचा दावा स्पष्ट असेल तर निदान पाडता येतो. धूसर दाव्याशी भांडायचं तर आधी तो म्हणतो काय, यावरच वर्षं जातात.

आपल्या 1970 च्या कायद्याचं कलम 10 दावे स्पष्ट आणि थोडक्यात मागतं. दावा नीट स्पष्ट नसेल, तर कलम 64 खाली पेटंट रद्दही होऊ शकतं. घरातलं कुणी फार्मसी किंवा केमिकल इंजिनिअरिंग शिकत असेल, तर एवढं सांगून ठेवा: मध्य प्रदेशातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातात. आधी तात्पुरता अर्ज केला असेल, तर पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात, आणि दावे लागतात ते तेव्हा. नंतर दुरुस्ती करता येते, पण सीमा वाढवता येत नाही.