उतरते पाणी आणि शिवडा
(अश्विन-कार्तिकात भीमेत मासा कसा शोधावा)

मासे धरणे हे हाताचे कसब आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गळ चांगला हवा, आमिष ताजे हवे, हिसका नेमका बसायला हवा, म्हणजे झाले! परंतु नदीवर आयुष्य काढलेल्या भोई किंवा कोळी माणसाला विचारा. तो आधी पाण्याविषयी बोलेल आणि गळाचा विषय सर्वांत शेवटी काढील. जिथे मासा नाही तिथे उत्तम गळही रिकामाच वर येतो. तेव्हा आज आपण मुख्यतः विचार करायचा तो मासा शोधण्याचा. तो धरण्याचा भाग त्यामागून आपोआप येईल.

नदीकाठच्या आपणा लोकांना भीमेची दोन रूपे चांगली ठाऊक असतात. एक आषाढ-श्रावणातले, गढूळ आणि दुथडी भरलेले; दुसरे चैत्र-वैशाखातले, डबक्याडबक्यांत तुटलेले. या दोहोंच्या मधले रूप अश्विन-कार्तिकातले. त्या वेळी शेतकरी रब्बीच्या पेरणीत आणि पेठ दिवाळीच्या तयारीत गुंतलेली असते, म्हणून ते रूप फारसे कोणी न्याहाळीत नाही. मासा शोधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र वर्षातला उत्तम काळ हाच. पूर ओसरतो, गाळ खाली बसतो, पाणी निवळू लागते. पावसाळ्यात काठावरच्या गवतात आणि ओढ्यानाल्यांच्या तोंडाशी वाढलेली माशांची पिले पाणी उतरते तशी मुख्य पात्रात परततात. पिले आली की त्यांना खाणारेही त्यांच्या मागे येतात.

या खाणाऱ्यांत आपल्याकडचा अग्रगण्य मासा म्हणजे शिवडा. शास्त्रज्ञ त्याला वॅलागो अट्टू म्हणतात. अंगावर खवले नाहीत, रंग रुपेरी, शरीर लांब व दोन्ही बाजूंनी चपटे, जबडा थेट डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. दीड मीटरहून लांब शिवडेही नोंदले गेले आहेत. इंग्रज शिकारी त्याला गोड्या पाण्यातला शार्क म्हणत, ते काही उगाच नव्हे. त्याच्या जोडीला तळाशी फिरणारा शिंगाळा, कपारीतली वाम आणि काठच्या शेवाळातला मरळ हेही शिकारी मासेच. पण त्यांची घरे निरनिराळी आहेत.

इथे आपल्या परिसराच्या अभिमानाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करीत होता. त्याने या भागातील माशांची जी वर्णने केली ती 1839 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात भीमेवरचे आपले पेडगाव आहे आणि घोड नदीवरचे शिरूरही आहे. साइक्सने कित्येक माशांची स्थानिक मराठी नावेच शास्त्रीय नावांत घेतली. म्हणूनच शिंगाळ्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘सीनघाला’ हा शब्द आहे. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतून भीमथडीचा एक शब्द असा फिरतो आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिवडा नदीत कुठे असतो? याचे उत्तर पाठ करण्यापेक्षा माशाच्या तीन गरजा ध्यानात ठेवाव्यात: खाणे, आडोसा आणि विसावा. जोराच्या धारेत खाणे पुष्कळ वाहून येते, पण तिथे सतत पोहत राहावे लागते, विसावा मिळत नाही. खोल डोहात विसावा आहे, पण खाणे कमी. म्हणून शिकारी मासा या दोहोंच्या वेशीवर राहतो. खळाळ संपून पाणी डोहात शिरते ती जागा पाहा. पाण्याच्या पृष्ठभागावर एक रेषा दिसते. अलीकडे पाणी धावते, पलीकडे ते मंदावते. फेस आणि काडीकचरा त्या रेषेवरून सरकत असतो. शिवडा त्या रेषेच्या मंद बाजूला, तळाजवळ, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. खाणे समोरून येते, आणि झडप घालायला दोन हातांचेच अंतर असते.

अशा जागा आणखीही आहेत. दोन नद्या मिळतात तो संगम ही त्यांतली पहिली. घोड आपल्या तालुक्याच्या बाजूने येऊन भीमेला मिळते. पाऊस थांबल्यावर एकीचे पाणी आधी निवळते, दुसरीचे मागून, आणि त्या दोन रंगांच्या सीमेवर लहान मासे गोळा होतात. दुसरी जागा वळणाची. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला दरड खचून खोली होते, आतल्या बाजूला वाळू साठते. दिवसा शिवडा खोलीकडे दरडीच्या सावलीत असतो, रात्री उथळ वाळूकडे सरकतो. तिसरी जागा कातळाच्या उंचवट्यामागची. तिथे प्रवाह दुभंगतो आणि मागे निवांत पाणी राहते. शिंगाळा आणि वाम हे बहुधा अशाच खडकाळ जागी सापडतात. मरळ मात्र यांपैकी कुठेच शोधू नये. तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून थांबलेल्या, गवताळ पाण्यात सुखाने राहतो. मधूनमधून हवेचा घोट घ्यायला तो वर येतो, तेव्हा संथ पाण्यावर उमटणारे वर्तुळच त्याचा पत्ता सांगते.

जागेनंतर वेळ. शिवडा डोळ्यांपेक्षा मिशांवर अधिक विसंबतो. मिशांनी त्याला स्पर्श कळतो आणि चवही कळते. अंधार त्याला अडचणीचा नाही. त्याच्या भक्ष्याला मात्र आहे. म्हणून दिवेलागण ते मध्यरात्र आणि पुन्हा तांबडे फुटण्याचा सुमार, हा त्याच्या चरण्याचा समय. पाणी निवळले की ऊन तळापर्यंत पोचते आणि दिवसा तो खोलीत दडून बसतो. उलट परतीच्या पावसाने पाणी किंचित गढूळ झाले, तर भर दिवसाही तो बाहेर पडतो.

याच ठिकाणी परदेशी पुस्तकांविषयी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. उत्तर अमेरिकेतील नद्यांत वॉलआय नावाचा एक शिकारी मासा आहे. मांजरासारखे त्याचेही डोळे अंधारात चमकतात, कारण डोळ्याच्या मागील पडद्याशी प्रकाश परतवणारा थर असतो. तोही संधिप्रकाशात शिकार करतो, तोही धारेच्या आणि डोहाच्या वेशीवर थांबतो. इथपर्यंत दोघांचे जुळते. परंतु तिकडचे जाणकार सांगतात की शरदात पाणी थंड होत जाते तसतसा मासा अधिक खातो, तेव्हा थंडीची वाट पाहा. हा नियम भीमेवर लावला तर पदरी निराशाच येईल. वॉलआय गार पाण्याचा मासा आहे. नदी गोठली तरी बर्फाला भोक पाडून तो धरतात. शिवडा उष्ण प्रदेशातला. माशाच्या अंगाची ऊब पाण्याच्या उबेबरोबर चढते-उतरते. पाणी गारठले की त्याचे पचन मंदावते, भूक मरते. म्हणून आपल्याकडचा खरा हंगाम नवरात्रापासून कार्तिकी पौर्णिमेच्या आसपासपर्यंतचा. मार्गशीर्ष-पौषाच्या कडाक्यात तो खोल डोहाच्या तळाशी जाऊन बसतो. तत्त्व दोन्हीकडे एकच, पण नदी निराळी म्हणून निष्कर्ष उलटा.

आता साधनांविषयी थोडे. तंगूस जाड घ्यावा, आणि गळाजवळ वीतभर तारेचा तुकडा जोडावा. शिवड्याचे दात बारीक पण असंख्य असतात आणि नुसता तंगूस ते कापून टाकतात. शिसे इतकेच लावावे की आमिष तळाला टेकेल पण प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत राहील. एकाच जागी रुतून बसलेले आमिष शिवड्याला संशयास्पद वाटो न वाटो, ते त्याच्या तोंडापर्यंत पोचत मात्र नाही. आमिष म्हणून गांडुळांचा झुबका, झिंगा किंवा नदीतलाच मेलेला लहान मासा चालतो. आमिष धारेत टाकून वेशीकडे वाहू द्यावे. शिवडा ते बहुधा एकदम ओढीत नाही. आधी दोरीला जडपणा येतो, मग ती सरळ रेषेत चालू लागते. तेव्हा हिसका द्यावा, त्याआधी नव्हे. शिंगाळा लागला तर पाठीवरच्या आणि कल्ल्यांजवळच्या पराच्या काट्यांपासून हात जपावा. नावातले शिंग तिथेच आहे!

एवढे सारे सांगितले ते वाहत्या भीमेविषयी. पण आजची भीमा तशी वाहते का? माढे तालुक्यातील उजनीचे धरण 1980 मध्ये पुरे झाले. पात्रात ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले आहेत. पावसाळा सरला की त्यांचे ढापे बसवतात, आणि काल जिथे खळाळ होता तिथे आज संथ तलाव होतो. धारेची आणि डोहाची वेस मैलभर वर सरकते. म्हणून जुन्या माणसाने दाखवलेली जागा यंदा रिकामी लागली, तर मासे संपले असे लगेच म्हणू नये. आधी वेस कुठे गेली ते शोधावे. बंधाऱ्याच्या खाली, जिथे सांडणारे पाणी हवा घेऊन पडते, तिथे ती बहुधा नव्याने सापडते.

दुसरा बदल अधिक गंभीर आहे. पुण्याकडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते. त्यावर जलपर्णी माजते. अशा थांबलेल्या पाण्यात रात्रभर प्राणवायू खर्च होतो आणि पहाटे तो सर्वांत कमी उरतो. त्यामुळे पहाटेची वेळ उत्तम हा जुना नियम इथे खोटा ठरतो. पहाटे मासा खाण्याच्या नव्हे, श्वासाच्या विवंचनेत असतो. मासे पृष्ठभागावर तोंडे काढून आ वासताना दिसले तर ती सुगी समजू नये. ते आजारी नदीचे लक्षण आहे. अशा पाण्यात मरळ आणि चिलापी तग धरतात, शिवडा धरीत नाही. कोणता मासा मिळतो आणि कोणता मिळेनासा झाला, यावरून पाण्याची प्रकृती ओळखता येते.

काठावर वावरताना स्वतःचीही काळजी घ्यावी. वाळू उपशाने पात्रात खोल खड्डे झाले आहेत, गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल पुरुषभर पाण्यात पडते. ढापे काढल्यास पाणी अचानक वाढते. उसासाठी लावलेल्या मोटारींच्या वायरी काठच्या ओल्या गवतात असतात. रात्री एकट्याने जाऊ नये.

शेवटी एक विनंती. शिवडा आज जगाच्या पातळीवर संकटग्रस्त माशांच्या यादीत गेला आहे. तो पावसाळ्याच्या आरंभी, चढत्या पाण्यात अंडी घालतो. त्या दिवसांत पोटाशी अंडी असलेली मादी धरणे म्हणजे पुढील अनेक वर्षांचे मासे एका दिवसात संपवणे होय. मरळ तर आपल्या पिलांच्या थव्याची राखण करतो. त्या वेळी तो सहज हाती लागतो, म्हणूनच तेव्हा त्याला धरू नये. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरले आहे. डासांच्या जाळीसारख्या बारीक जाळ्याने पिले उपसणे हे त्याहून फारसे वेगळे नाही. दीड हाताहून लहान शिवडा गळाला लागला तर हात ओला करून, कल्ल्यांना न दुखवता, गळ सोडवून त्याला पाण्यात सोडावे. आणि जलाशयात जाण्यापूर्वी तिथला ठेका वा परवाना कोणाकडे आहे ते विचारावे. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांचा हक्क पहिला.

साइक्सने पेडगावच्या पाण्यातले मासे नोंदले त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली. त्याला ती माहिती नदीवरच्या लोकांच्या तोंडून मिळाली, म्हणून तर त्याने त्यांचे शब्द ठेवले. आज आपल्या मुलांना शिवडा, शिंगाळा, वाम ही नावे ऐकून ठाऊक असतील, पण ते मासे पाण्यात कुठे राहतात हे सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. येत्या अश्विनात एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन नदीवर जा. गळ नसला तरी चालेल. खळाळ कुठे संपतो, फेसाची रेषा कुठून जाते, वर्तुळ कुठे उमटते, एवढे त्यांना दाखवा. ज्याला मासा कुठे राहतो हे कळते, त्याला त्याचे घर मोडले जात असल्याचेही सर्वांआधी कळते.