जाड तारेची परीक्षा

“मेटलसाठी बास हवाय, पंचवीस हजारांच्या आत.” मुंबईत धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत ही मागणी नवी नाही. इथून जवळच्याच रंगभवनात अनेक वर्षं ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव गाजला. डिमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, स्क्राइब या मुंबईच्या मेटल बँडना ऐकत मोठी झालेली पोरं आता स्वतःचे बँड काढतात. त्यात गिटारवाले हवे तेवढे मिळतात आणि बास बहुधा त्यांच्यातल्याच एकाच्या गळ्यात पडतो. तो दुकानात येतो, भिंतीवरच्या वाद्यांवरून नजर फिरवतो आणि टोकदार बॉडीच्या काळ्या बासपाशी थांबतो.

सोबत एखादा मुरलेला बासिस्ट असेल तर तो रंगाकडे आणि किमतीच्या चिठ्ठीकडे नंतर बघतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, तुमचा बँड कुठल्या ट्यूनिंगला वाजवतो? निम्म्या पोरांना हे ठाऊक नसतं. मग गिटारवाल्याला फोन जातो. हा फोन दुकानात पाऊल टाकण्याआधी झालेला बरा, कारण स्वस्तातला कुठला बास कामाचा आणि कुठला नुसता मिरवायचा, हे त्या उत्तरावर ठरतं.

बासच्या चार तारा ई, ए, डी, जी अशा लावतात. सगळ्यात जाड ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. मेटलमध्ये गिटार मात्र बऱ्याचदा नेहमीच्या पट्टीच्या खाली उतरवलेली असते. कुठे डी, कुठे सी, कुठे थेट बी. बासला तिच्या मागोमाग जावंच लागतं. तार तीच ठेवून खुंटी सैल केली की ताण झपाट्याने घटतो. ईवरून डीवर येताना सुमारे २० टक्के ताण जातो. सीवर आलं की ३७ टक्के, बीवर ४४ टक्के. इतकी ढिली तार जोरात छेडली की फ्रेट्सवर आपटून झणझणते, आणि आघाताच्या क्षणी सूर वर चढून मग खाली घसरतो. संथ रिफमध्ये हे एखाद वेळी खपून जातं. डबल बास ड्रमच्या जोडीने एका ठोक्यात चार-चार नोट वाजवायच्या असतील तर प्रत्येक नोट धूसर होते आणि बँडचा सगळा खालचा भाग चिखल होऊन बसतो.

ही खाली उतरण्याची रीत बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यातून आली. ब्लॅक सॅबाथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्रे कापण्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांवर घरी बनवलेल्या टोप्या चढवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैलही केल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममधली बरीच गाणी तीन स्वरस्थानं खाली, सी शार्पमध्ये आहेत. गीझर बटलरचा बासही त्याच्यासोबत खाली गेला. एका माणसाच्या दुखण्यातून आलेला तो आवाज पुढच्या पिढ्यांनी आपलासा केला आणि त्याहूनही खाली नेला.

उपाय साधा आहे: जाड तार. चार तारांच्या नेहमीच्या संचात ई तार ०.१०५ इंचाच्या आसपास असते. तोच ताण सीवर हवा असेल तर हिशेबाने साधारण ०.१३० इंचाची तार लागते, आणि ही नेमकी पाच तारांच्या संचातल्या बी तारेची जाडी आहे. म्हणून सी किंवा बी स्टँडर्डला वाजवणारे अनेक जण चार तारांच्या बासवर पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार तारा चढवतात आणि सगळ्यात बारीक तार बाजूला ठेवून देतात. त्यासाठी नटच्या, म्हणजे हेडस्टॉकजवळच्या पट्टीच्या, खाचा कानस मारून रुंद कराव्या लागतात आणि ब्रिजवरची सॅडल मागे सरकवावी लागते. जाणत्या कारागिराकडे हे तासाभराचं काम आहे. स्वस्त बासची किंमत वसूल करणारी याहून चांगली युक्ती मिळणं कठीण.

मग थेट पाच तारांचाच बास का घेऊ नये? गाण्यांमध्ये सुरावटी वरच्या तारांवरही फिरत असतील तर जरूर घ्यावा. अडचण वेगळी आहे. कमी किमतीच्या पाच तारांच्या बासमध्ये सगळ्यात आधी कमी पडते ती बी तारच. नेक मजबूत नसेल, नट नीट कापलेला नसेल, तर सेकंदाला जेमतेम ३१ वेळा हलणारी ती तार नुसती घुमते, सूर कळत नाही. दुकानात ही परीक्षा आवाज वाढवून करू नये. दुकानातला छोटा ॲम्प एवढा खर्ज धड काढूच शकत नाही. ॲम्प न जोडता, बॉडीचं वरचं शिंग जबड्याला टेकवून बी तार मोकळी छेडावी आणि बघावं, ती कुठला सूर लावतेय हे गाऊन दाखवता येतं का. येत असेल तर तार खरी.

पंचवीस हजारांच्या आसपासच्या चर्चेत फिरूनफिरून तीच नावं येतात. आयबानेझ ही जपानमधल्या नागोयाच्या होशिनो गाक्की कंपनीची. तिची एसआर मालिका १९८७ पासून बारीक नेक आणि हलक्या बॉडीसाठी ओळखली जाते. तिची स्वस्त भावंडं जीएसआर या नावाने मिळतात. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ हा बॅटरीशिवाय चालणारा, दोन जातींचे पिकअप असलेला साधा बास. स्क्वायर हा फेंडरचा परवडणारा ब्रँड, वाद्यांवर हे नाव आलं १९८२ पासून. कोरियाची कॉर्ट स्वतःच्या नावानेही विकते आणि इतर अनेक कंपन्यांसाठीही वाद्यं बनवते. या सगळ्यांत सरस-निरस ठरवत बसण्यात अर्थ नाही. एकाच मॉडेलच्या दोन नगांत जेवढा फरक सापडतो, तेवढा कित्येकदा दोन ब्रँडांतही नसतो. म्हणून हातात घेतलेला नग तपासायचा.

ही तपासणी बघण्यासारखी असते. मुरलेला बासिस्ट बास मांडीवर घेतो आणि हेडस्टॉककडून एक डोळा मिटून नेकच्या कडेने बघतो, कुठे पीळ तर नाही ना. मग जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्याने नेक बॉडीला मिळते तिथे दाबून धरतो. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फटच नसेल तर नेक मागे वाकली आहे. फार असेल तर पुढे. दोन्ही गोष्टी नेकच्या आतल्या ट्रस रॉड या सळईने सुधारतात, पण तो रॉड फिरतो की जाम झालाय हे सेकंडहँड बासच्या बाबतीत पैसे देण्याआधीच बघावं लागतं. नंतर तो प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबत वर सरकतो. फेंडरच्या घडणीच्या बासमध्ये बारीक जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान बऱ्याचदा एखादी नोट लगेच विझते. ती थोडीफार विझणं चालतं, पूर्ण मेली असेल तर नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. शेवटी तो उभा राहतो, पट्टा खांद्याला लावतो आणि दोन्ही हात सोडून देतो. टोकदार बॉडीचे कित्येक बास या क्षणी डोकं खाली टाकतात. असा बास घेतला तर तासाभराच्या तालमीत डावा हात वाजवायचं सोडून नेक उचलून धरण्यात दमतो.

पिकअपबद्दल दुकानात सगळ्यात जास्त बोललं जातं, आणि ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द ऐकला की नव्या पोरांचे डोळे चमकतात. ॲक्टिव्ह बासमध्ये नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असतो, त्यामुळे खर्ज आणि वरचे सूर वाद्यावरूनच वाढवता येतात. केबल खोचलेली राहिली की बॅटरी आतल्या आत संपत राहते, आणि ती कार्यक्रमाच्या मधोमध दगा देते. मेटलसाठी ॲक्टिव्ह असणं बंधनकारक अजिबात नाही. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस जवळजवळ आयुष्यभर फेंडर प्रिसिजन वाजवत आलाय. बॅटरी नाही, एकच पिकअप, सपाट वेढ्यांच्या तारा आणि वाजवायला बोटं. २००७ साली बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर त्याची घोडदौड ज्यांनी ऐकली, त्यांना या मुद्द्याचा वेगळा पुरावा नको. प्रिसिजनचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांत येतो आणि ते तुकडे एकमेकांचा हम खाऊन टाकतात. आपल्याकडच्या जॅमरूममध्ये, जिथे अर्थिंग बेताचंच असतं आणि डिस्टॉर्शन दाबलं की ट्यूबलाइटचीसुद्धा गुरगुर ऐकू येते, तिथे हा गुण सोन्यासारखा आहे.

खरा प्रश्न बँडच्या कल्लोळात बास ऐकू येण्याचा. मेटालिकाचा १९८८चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ लावून जेसन न्यूस्टेडचा बास शोधून बघावा. तो जवळजवळ सापडतच नाही, इतका तो मिक्समध्ये खाली ठेवलाय. घरी एकट्याने वाजवताना भरदार वाटणारा आवाज, म्हणजे खर्ज पूर्ण वर आणि मधला भाग कापलेला, बँडमध्ये असाच नाहीसा होतो. खालची जागा किक ड्रमने घेतलेली असते, वरची गिटारांनी. बासला जागा उरते ती मधल्या पट्ट्यात आणि पिकच्या खटक्यात. म्हणून दुकानात बास ऐकताना टोनची सगळी बटणं मध्यावर ठेवून, पिकने, आपल्याच बँडचा रिफ वाजवावा.

आणि सगळे पंचवीस हजार वाद्यावर उडवू नयेत. चार-पाच हजार सेटअप, योग्य जाडीच्या तारा, चांगली केबल आणि रुंद पट्ट्यासाठी वेगळे काढावेत. जमलं तर बेहरिंगरचा बीडीआय २१ किंवा झूमचा बी१ फोर यांसारखं छोटं पेडल पुढेमागे घ्यावं, कारण छोट्या कार्यक्रमात बासचा ॲम्प असेलच असं नाही आणि सिग्नल थेट मिक्सरला जातो. अठरा हजारांचा नीट सेटअप केलेला बास पंचवीस हजारांच्या खोक्यातून काढलेल्या बासला सहज मागे टाकतो. जाड तारा चढवल्या की एकूण ताण बदलतो, नेक हलते, म्हणून आधी तारा आणि मग सेटअप हा क्रम उलटा करू नये.

मुंबई-कोकणात तर जूनमध्ये हवा बदलली की लाकूडही ओल धरतं, नेकचा बाक सरकतो आणि मे महिन्यात स्वच्छ वाजणारी तार जुलैत झणझणू लागते. पोरं अशा वेळी बासला दोष देतात, नव्याची भाषा करतात. काम असतं ट्रस रॉडला ॲलन कीने पाव फेरा देण्याचं. एकदा फिरवून, वाद्य रात्रभर तसंच ठेवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा आठव्या फ्रेटवरची फट बघायची.